ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये हुपरीचा चांदीवाला

माझा धंदा पैंजणांचा. गाव हुपरी, तालुका हातकणंगले. चाळीस वर्षं चांदी आटवली, ओढली, कापली, डाग देऊन जोडली, पॉलिशला पाठवली. त्यामुळं कुठल्याही म्युझियममध्ये गेलो की चित्रांकडं मी नंतर वळतो, आधी धातू कुठं मांडलाय ते शोधतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढं चित्रांवर चारच ओळी का म्हणून कुणी विचारायला नको.

लेक ऑक्सफर्डला असते. २०२४ च्या दिवाळीला आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिनं एक दिवस सुट्टी काढली आणि म्हणाली, "आण्णा, चला, तुम्हाला अ‍ॅशमोलियन दाखवते. तुमच्याच कामाचं आहे." मी विचारलं, तिकीट किती? म्हणाली, फुकट. त्यावर आमची सौ. म्हणाली, "अहो, फुकट आहे म्हणजे आत काय असणार?" विद्यापीठाचं म्युझियम म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांसमोर कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट आलं होतं. बरणीतला साप, वर धूळ, शेजारी पिवळं पडलेलं लेबल.

लंडनची बस ज्या ग्लॉस्टर ग्रीनला लागते तिथून हे ठिकाण चालत पाच मिनिटांवर आहे. बोमाँट स्ट्रीटवर देवळासारखे मोठे खांब दिसले की समजा पोचलात. ही समोरची दगडी इमारत १८४५ ची. तिच्या मागच्या अंगाला रिक मॅथर नावाच्या वास्तुशिल्पकारानं २००९ मध्ये सगळं नवं बांधून काढलंय. आत शिरल्यावर पांढरा जिना वर वर जातो, मजल्यांना जोडणारे काचेचे पूल आहेत आणि छतातून आलेला उजेड पार तळघरापर्यंत उतरतो. सौ.नं जिना बघितला आणि लिफ्ट कुठं आहे ते विचारून घेतलं. गुडघे दुखणाऱ्यांनी काळजी करायचं कारण नाही, लिफ्ट सगळीकडं जाते.

म्युझियमचा जन्म कसा झाला हे तळघरातल्या एका दालनात मांडलंय आणि ते मला चक्क आपल्याकडच्या कोर्टकज्ज्यासारखं वाटलं. जॉन ट्रेडस्कँट नावाचे बापलेक होते, दोघंही माळी. राजा-सरदारांच्या बागा सांभाळायच्या आणि देशोदेशींहून रोपं आणायची. रोपांबरोबर मिळेल ती नवलाची वस्तूही घरी आणायची. लंडनजवळ लॅम्बेथला त्यांनी ती घरातच मांडली होती, लोक पैसे देऊन बघायला यायचे. मुलाच्या ओळखीत आला एलायस अ‍ॅशमोल, वकील माणूस. १६५९ मध्ये हा सगळा संग्रह अ‍ॅशमोलच्या नावं लिहून दिल्याचा कागद झाला. पुढं मुलगा वारला आणि त्याची बायको हेस्टर म्हणाली, असलं काही मी मानत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल अ‍ॅशमोलच्या बाजूनं लागला. १६७८ मध्ये हेस्टर स्वतःच्याच घराच्या तळ्यात बुडून मेलेली सापडली. अ‍ॅशमोलनं संग्रह विद्यापीठाला दिला, १६८३ मध्ये तो लोकांना खुला झाला आणि नाव लागलं ते अ‍ॅशमोलचं. ब्रिटनमधलं पहिलं सार्वजनिक म्युझियम म्हणतात ते हेच. गोळा केलं माळ्यांनी, पाटी वकिलाची. सौ. बराच वेळ त्या दालनात होती. बाहेर पडताना एवढंच म्हणाली, "बाईचं नाव कुठं लावलंय का?"

आणखी एक गोष्ट लेकीनं सांगितली. १७१० मध्ये उफेनबाख नावाचा एक जर्मन विद्वान हे म्युझियम बघायला आला. नेमका बाजारचा दिवस होता. खेड्यापाड्यातून आलेली माणसं आत भरलेली, इकडून तिकडं पळतायत, दिसेल त्या वस्तूला हात लावतायत. त्याला काही ते रुचलं नाही, आपल्या प्रवासवर्णनात त्यानं रागानं लिहून ठेवलंय. मी म्हटलं, मला ती माणसं बरी वाटतात. हात लावल्याशिवाय वस्तू कळते होय? आमच्या गावात गिऱ्हाईक पैंजण आधी तळहातावर तोलतं, मग घुंगरू हलवतं, मग तोंड उघडतं. आता अर्थात सगळं काचेआड आहे. मी दिवसभर काचेला नाक लावून होतो आणि लेक मागून "आण्णा, जरा लांब" म्हणत होती, कारण माझा जवळचा चष्मा घरी राहिला होता. ही चूक माझी, म्युझियमची नाही. पण त्याचा परिणाम पुढं बघा.

त्याच दालनात गाय फॉक्सचा कंदील आहे. १६०५ मध्ये पार्लमेंटच्या तळघरात सुरुंगाच्या दारूची पिंपं लावून बसला होता, त्याच्याकडचा. इंग्लंडमध्ये पाच नोव्हेंबरला अजून त्याच्या नावानं दारूकाम करतात. आमचा नातू सात वर्षांचा. त्याला एवढंच पक्कं ठाऊक की दिवाळी आणि हा माणूस एकाच आठवड्यात येतात, म्हणून दोनदा फटाके. कंदील कसा आहे? काळा लोखंडी पत्रा. माझ्या आज्याच्या गोठ्यातला कंदील याच्यापेक्षा बरा होता. पण नातू त्याच्यासमोरून हलेना.

शेजारी पोहाटन नावाच्या मूळ अमेरिकन सरदाराचा म्हणून ओळखला जाणारा झगा आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाकडचा, हरणाची चार कातडी शिवून केलेला, त्यावर हजारो बारीक शिंपले टाचून माणूस आणि दोन बाजूंना दोन जनावरं काढलीयत. घातलेला असेल असं काही मला वाटलं नाही, फार मोठा आहे. पण एकेक शिंपला भोक पाडून, ओवून बसवायचा म्हणजे काय काम आहे ते घुंगरू जोडणाऱ्या बाईला विचारा.

आता मुख्य प्रदर्शन. म्युझियम फुकट असलं तरी खास प्रदर्शनाला तिकीट असतं. आम्ही गेलो तेव्हा "मनी टॉक्स" चालू होतं, ऑगस्ट २०२४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत. पैसा या वस्तूकडं कलावंतांनी कसं बघितलं, असा विषय. आणि ते मांडणारे कोण, तर तिथल्या नाण्यांच्या विभागातले डॉ. शैलेंद्र भांडारे. आपला मराठी माणूस! मराठ्यांच्या आणि एकूणच भारतीय नाण्यांचा अभ्यास असलेला. पाटीवर नाव वाचलं आणि तिकिटाचे पैसे मला एकदम कमी वाटायला लागले. माणसाचं मन असं असतं, काय करणार.

त्यातली एक गोष्ट मी हुपरीला परत आल्यापासून वीस जणांना तरी सांगितली असेल. इंग्लंडच्या नाण्यांवर दुसऱ्या चार्ल्सपासून एक रीत आहे. एका राजाचं तोंड डावीकडं, तर त्याच्यानंतरच्याचं उजवीकडं. पाचव्या जॉर्जचं डावीकडं होतं, म्हणजे आठव्या एडवर्डचं उजवीकडं यायला हवं. गडी म्हणाला, नाही. माझी डावी बाजू चांगली दिसते, त्या बाजूला भांग आहे. टांकसाळीनं डावीकडं तोंड केलेले नमुने केले. ते चलनात यायच्या आतच, डिसेंबर १९३६ मध्ये, त्यानं गादी सोडली. नंतर आलेल्या सहाव्या जॉर्जचं तोंड डावीकडंच ठेवलं, जणू एडवर्डचं नाणं रीतसर उजवीकडं बघत निघालंच होतं. मी त्या नमुन्यांसमोर हसत उभा होतो. लग्नाच्या पैंजणाची डिझाइन तीनदा बदलून घेऊन शेवटी लग्नच मोडलं, असं गिऱ्हाईक आमच्याकडंही येऊन गेलंय. माल अंगावर पडतो. टांकसाळीच्या अंगावर पडलेला माल मात्र आता काचेत ठेवलाय.

ग्रेसन पेरी या कलाकाराचा एक विणलेला पडदा होता, भिंतभर. बँकेच्या नोटेच्या धर्तीवर काढलेला, मधोमध राणी आणि सगळीकडं ब्रिटिश लोकांना आपल्या वाटणाऱ्या गोष्टींची नावं. नाव दिलंय "कम्फर्ट ब्लँकेट", म्हणजे आजीच्या गोधडीसारखं पांघरून घ्यायचं. सौ.ला ते आवडलं, आणि तिनं विणकामाच्या टाक्यांवर लेकीला जे सांगितलं ते मला कळलं नाही. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराचं डॉलरचं चिन्हही होतं. नोटांची थट्टा करणारा हा आधुनिक भाग मला मात्र लांबला. पैशाची थट्टा ज्याला परवडते त्यानं करावी. चांदीचा दर सकाळी एक आणि संध्याकाळी एक असताना ज्यानं दिवस काढलेत त्याला त्यात फार हसू येत नाही. लेक म्हणाली, "आण्णा, तोच तर मुद्दा आहे त्यांचा." असेल.

ते प्रदर्शन आता संपलंय, पण तळघरातलं नाण्यांचं कायमचं दालन आहेच. संग्रहात सुमारे तीन लाख नाणी आहेत म्हणतात, मांडलेली त्यातली मूठभर. मूठभरच पुरे. तिथं १६४४ चं एक चांदीचं नाणं बघायला विसरू नका, त्याला ऑक्सफर्ड क्राउन म्हणतात. घोड्यावर पहिला चार्ल्स राजा, आणि घोड्याच्या पोटाखाली, टापांच्या मधे, अख्खं ऑक्सफर्ड शहर. मनोरे, तट, बारीक अक्षरात गावाचं नाव. थॉमस रॉलिन्स नावाच्या माणसानं ठसा कोरला. आता त्याच्या मागची गोष्ट ऐका, ही आमच्या धंद्याची आहे. यादवी युद्धात लंडन राजाच्या हातातून गेलं आणि त्यानं ऑक्सफर्डला मुक्काम टाकला. शिपायांचा पगार द्यायला नाणी नाहीत. मग टांकसाळ इथं आणली आणि कॉलेजांना सांगितलं, तुमची चांदीची भांडी काढा. पेले, ताटं, सुरया, देणगीदारांची नावं कोरलेली, सगळी मुशीत गेली. ज्या गल्लीत ही टांकसाळ होती ती न्यू इन हॉल स्ट्रीट म्युझियमपासून चालत काही मिनिटांवर आहे. दुपारी मी मुद्दाम जाऊन बघून आलो. आता तिथं सायकली लावलेल्या असतात.

मोडीची चांदी मी आयुष्यभर आटवली. आजीचा गोठ, बाळाचा वाळा, कुणाच्या तरी नावाचा पेला. मुशीत टाकताना नाव दिसतं, मिनिटभर दिसतं, मग लाल होतं आणि जातं. मालक समोर बसलेला असतो, तो मूस बघत नाही, काट्याकडं बघतो. घट, म्हणजे आटवताना कमी होणारं वजन, किती धरणार, एवढंच विचारतो. ऑक्सफर्डच्या त्या कॉलेजवाल्यांनी घट किती धरली हे विचारलं असेल का, हा प्रश्न मला त्या काचेपुढं पडला. तिथल्या दुसऱ्या कुणाला पडला असेल असं वाटत नाही.

तळमजल्यावर भारताचं जुनं दालन आहे. गांधारचे बुद्ध वगैरे आहेत, पण मी खिळलो ते एका वीतभर मातीच्या फळकुटापुढं. बंगालमधल्या तामलुकला, म्हणजे जुन्या ताम्रलिप्तीला, १८८३ मध्ये सापडलेली यक्षी. दोन हजार वर्षांपूर्वीची. साच्यात माती दाबून काढलीय, आणि त्या एवढ्याशा मातीवर दागिने किती असावेत? डोक्यावर दोन फुगीर भागांचं केसांचं पागोटं, मण्यांनी भरलेलं. एका बाजूला केसात खोचलेले पाच आकडे, टोकं हत्यारांच्या आकाराची. कानात मोठाली चक्रं. गळ्यात, दंडावर, हातात जागा सोडलेली नाही. आणि कमरेला पट्टा. पदरावर पदर, खाली लोंबणारे मणी. कमरपट्टा हा आमच्या गावातला मोठा माल आहे, त्यामुळं मी पदर मोजायला लागलो आणि चष्म्याविना दोनदा चुकलो. शेवटी लेकीनं फोनचा कॅमेरा मोठा करून दाखवला. मातीत इतकं बारीक उठलंय म्हणजे साचा कोरणाऱ्यानं खरा दागिना समोर ठेवून बघितलेला असणार. मनानं असलं येत नाही. कड्या कशा अडकतात, भार कुठं पडतो, ते बरोबर आहे. हा पट्टा मला चांदीत करून दाखवा म्हटलं तर हुपरीत आजही करून देतील, तीन महिने द्या फक्त.

भारतातल्या वस्तू तिथं बघताना मनात एक प्रश्न येतोच, तो कशाला लपवू? तर याच म्युझियमनं १९६७ मध्ये लिलावात घेतलेली तमिळनाडूची एक पंचधातूची मूर्ती आहे, सोळाव्या शतकातली, तिरुमंगै आळ्वार या संताची. एका अभ्यासकाला तिचा १९५७ मध्ये देवळात काढलेला फोटो पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात सापडला. म्युझियमनं स्वतःच २०१९ मध्ये भारताच्या वकिलातीला कळवलं, भारतानं रीतसर मागणी केली, आणि मार्च २०२४ मध्ये विद्यापीठानं परत द्यायला संमती दिली. मी ती मूर्ती शोधत फिरलो नाही. पण या संताची दंतकथा मला जावयानं जेवताना सांगितली. हा आधी दरोडेखोर होता. श्रीरंगमच्या देवळाच्या बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा यानं नागपट्टणमची सोन्याची बुद्धमूर्ती पळवून आणली आणि आटवली म्हणे. म्हणजे ज्यानं देवाची मूर्ती चोरली त्याचीच मूर्ती देवळातून गेली. सौ.नं कानाला हात लावले. मी विचारलं, सोनं किती टंच निघालं? जावई म्हणाला, हे दंतकथेत दिलेलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर चित्रं आहेत, चार ओळी कबूल केल्याप्रमाणे. उच्चेलो या जुन्या इटालियन चित्रकाराचं जंगलातल्या शिकारीचं चित्र बघा. सगळे घोडे, माणसं, कुत्री मधल्या अंधाराकडं पळतायत. नातवानं कुत्री मोजली, प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला. जवळच स्ट्राडिव्हरीनं १७१६ मध्ये केलेलं "मेसाया" व्हायोलिन आहे, फारसं न वाजवल्यामुळं काल दुकानातून आणल्यासारखं चकाकतंय. वाद्य न वाजवता ठेवलंय हे बघून मला जरा कसंसंच झालं.

आणि त्याच मजल्यावर, इंग्लंडच्या जुन्या काळाच्या दालनात, ज्याच्यासाठी लेकीनं मला आणलं होतं तो दागिना. आल्फ्रेड ज्युवेल.

लांबी सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे तर्जनीएवढी. अकराशे वर्षांपूर्वीचा. १६९३ मध्ये सॉमरसेट परगण्यात शेतात सापडला, १७१८ मध्ये विद्यापीठाला मिळाला. थेंबाच्या आकाराचा जाड स्फटिक. त्याच्या खाली सोन्याच्या तारेचे कप्पे उभे करून त्यात मीना भरलाय. मोठे डोळे असलेला एक माणूस, दोन हातांत फुलांचे दोन देठ, अंगावर हिरवं, मागं निळं. स्फटिक आधीच्या रोमन काळातला परत वापरलेला असावा असं जाणकार म्हणतात, आणि ते पटतं. हातात आलेल्या खड्याच्या मापानं कोंदण करायचं, खडा कापायचा नाही, हा शहाणपणा सगळ्या सोनारांचा. स्फटिकाला धरून ठेवणारी उभी पट्टी आहे ती सोन्यातून अक्षरं कापून केलीय. जुन्या इंग्रजीत लिहिलंय, "आल्फ्रेडनं मला घडवून घेतलं." दागिना स्वतःच बोलतो. थेंबाच्या निमुळत्या टोकाला एका जनावराचं डोकं, त्याच्या तोंडात एक नळी, नळीत आरपार खिळा अजून आहे. तिथं हस्तिदंताची किंवा लाकडाची काडी बसवलेली असणार. पोथी वाचताना ओळीवर बोट न ठेवता ही काडी फिरवायची. आल्फ्रेड राजानं एका धर्मग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं, त्याच्या प्रती धर्मपीठांना पाठवल्या आणि प्रत्येक प्रतीबरोबर पन्नास मँकस मोलाची अशी काडी दिली, असा लेखी दाखला आहे. मँकस हे तेव्हाचं सोन्याचं माप. पन्नास मँकस धातूचे, की घडणावळ धरून? मला कुणी सांगेना.

लोक या दागिन्याचा चेहरा बघून पुढं जातात. मी खालच्या जनावराच्या डोक्यावर अडकलो. तिथं तारकाम आहे आणि तारांच्या मधे सगळा रवा. रवा म्हणजे सोन्याचे बारीक गोल दाणे. तारेचे तुकडे कोळशावर ठेवून फुंकणीनं झोत दिला की धातू स्वतःच गोळा होऊन दाणा बनतो. तिथपर्यंत सोपं आहे. अवघड पुढं. ते दाणे टाकणखार लावून पत्र्यावर बसवायचे आणि पुन्हा झोत द्यायचा. उष्णता कमी पडली तर दाणा सुटतो, जास्त झाली तर डाग, म्हणजे जोडाचा धातू, पसरतो आणि दाण्यांच्या बुडाशी चिखल साचल्यासारखं दिसतं. आणखी जास्त झाली तर दाणेच वितळून बसतात आणि मग सगळं काम परत मुशीत. गॅसचा बर्नर असून आमच्याकडं हे होतं. त्या माणसाकडं कोळसा आणि छातीतला वारा, एवढंच होतं.

मागच्या बाजूला सोन्याच्या सपाट पत्र्यावर झाडासारखी वेल कोरलीय, ती लेकीनं फोनवर दाखवली.

तीन वाजता बाहेर पडलो आणि जवळच्याच एका दुकानात चहा घेतला. पाच जणांचा चहा आणि दोन केक, बिल रुपयांत केलं आणि सौ. म्हणाली, यात अर्धा तोळा चांदी नाही, पण अर्धा किलो साखर आहे. चहा कोमट होता. दुकानाचं नाव सांगत नाही. घरून थर्मास घ्या, म्युझियमबाहेर बसायला जागा आहे.

संध्याकाळी मी आमच्या कारखान्यातल्या जुन्या कारागिराला आल्फ्रेड ज्युवेलचे चार फोटो पाठवले. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही. सत्तरी गाठलीय, रव्याचं काम गावात त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. रात्री उशिरा आवाजातला निरोप आला. हातोडीचे आवाज मागं चालू होते. "मालक, रव्याच्या बुडात डाग पसरलाय का बगा की. फोटोत कळंना. तेवढं बगून सांगा."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच बसनं गेलो. या म्युझियमचं मला सगळ्यात पटलेलं काय असेल तर हे. तिकीट नाही, त्यामुळं एका वस्तूसाठी परत जाता येतं. पहिल्या दिवशी पैसे वसूल करायचे म्हणून चाळीस दालनं पळत बघायची गरज पडत नाही. सकाळी दहाला उघडतं, संध्याकाळी पाचला बंद होतं. पाठीवरची मोठी बॅग नेऊ नका, आत अडचण होते. या वेळी चष्मा खिशात होता, शिवाय नातवाच्या दप्तरातलं भिंग मागून घेतलं होतं. थेट दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथं एक शाळा आली होती, पोरं वही घेऊन जमिनीवर बसली होती, ती उठेपर्यंत थांबलो. मग भिंग काचेला लावून अर्धा तास उभा राहिलो. राखणीला असलेल्या बाईंनी दोनदा माझ्याकडं बघितलं. तिसऱ्यांदा जवळ आल्या आणि काही मदत हवी का विचारलं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, मी चांदीचं काम करतो, जोड बघतोय. त्या म्हणाल्या, बघा, बघा, सावकाश बघा. आणि बाजूला उभ्या राहिल्या.

खाली दुकानात पुस्तकं, पोस्टकार्डं, दागिन्यांच्या नकला असं बरंच आहे. मी मामांसाठी एक पोस्टकार्ड घेतलं आणि बाहेर पायऱ्यांवर बसून फोन लावला. तिकडं रात्रीचे नऊ वाजले होते. सांगितलं, काचेबाहेरून बघितलंय, पण भिंग लावून बघितलंय. डाग पसरलेला कुठं दिसला नाही. दाणा सुटा उभा आहे.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग मालक, फुंकणी मारणाऱ्याचा दम लय भारी असणार."